आरशातले नऊ दिवे

पहाटे साडेपाच, लातूरचं गूळ मार्केट.
अकरा गाड्या, थंडी अजून कोवळी.
मी आधी टायर बघतो, मग डोळे.
महालिंगच्या मागच्या चाकात हवा कमी,
आणि डोळ्यांत झोप जास्त.
"रात्री कितीला निजलास?"
"मावसभावाचं लगीन होतं, सर."
मी हात पुढं केला. त्यानं चावी दिली.
गाडी तिथंच ठेवून तो रिक्षात बसला,
जाताना वळूनही बघितलं नाही.

उरलो दहा.
सांगायचं ते मी थोडक्यात सांगतो:
कुणी कुणाला मागं टाकायचं नाही.
दोन गाड्यांत एवढी जागा, की मधून बैलगाडी जावी
आणि बैलांना घाई वाटू नये.
रस्त्यात सोयाबीन वाळत असलं तर आधीच हळू व्हा,
दाण्यांवर ब्रेक नको, हॉर्न नको, शिवी तर नकोच.
आपला रस्ता, पण तेवढ्यापुरतं त्यांचं खळं.
आणि मागचा दिवा दिसेनासा झाला
की थांबायचं.
का, कशाला, ते नंतर.

सगळ्यांत शेवटी सत्तारभाई.
त्यांच्या पेटीत पंक्चरचं सामान, कापूस, आयोडीन,
आणि शेवटी राहायला लागतो तो स्वभाव.

पूर्वी मी पुढं असायचो, म्हणजे नुसता पुढं असायचो.
मागं कोण कोण आहे ते चहाच्या टपरीवर कळायचं.
मग एका रात्री उसाची ट्रॉली, बिनदिव्याची, उभी.
आता गुडघ्यात सात स्क्रू आहेत.
थंडी पडणार हे त्यांना
आकाशवाणीच्या आधी कळतं.

औसा गेलं. उजनीत बासुंदी झाली,
इतक्या सकाळी बासुंदी कोण खातं,
असं म्हणत प्रत्येकानं दोन-दोन वाट्या.
डाव्या आरशात चार दिवे, उजव्यात पाच.
ऊन चढेपर्यंत मी तेच मोजत होतो,
जपमाळेसारखं नाही, गल्ल्यातल्या नोटांसारखं.

काक्रंब्याच्या अलीकडं आठ.
पुन्हा मोजले. सात.
मग चार.
मग आरशात नुसता रस्ता,
आणि दोन्हीकडं तुरीची पिवळी फुलं.

मी कडेला घेतली. गाडी बंद केली.
एकेक दिवा विझला, म्हणजे एकेक जण थांबला,
म्हणजे मी सांगितलं तसंच झालं.
हे मला कळत होतं.
माझ्या हातांना कळत नव्हतं,
हेल्मेटचा पट्टा काही सुटेना.

सत्तारभाईंचा फोन: "कुणी पडलं नाही.
वैजयंताबाई पट्टी चिकटवलालेत."
कसली पट्टी?
"तुम्हीच या की बघायला. गडबड कशाला करलालाव?"

ट्रॉलीचा अ‍ॅक्सल तुटलेला, ऊस एका अंगाला कललेला,
ड्रायव्हर खाली जॅकशी झटत होता.
आणि महावितरणची ही वायरवुमन
दातांनी तोडून तोडून
फळीवर लाल चमकपट्टी डकवत होती,
आडवी, उभी, मग एका उसाच्या शेंड्यालाही.
रात्र व्हायला अजून दहा तास होते.
"एवढ्यात निघत नाही ही," ती म्हणाली, "म्हणून."
गुडघ्याचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

नळदुर्गला नर-मादी कोरडे होते.
भिंतीवरून एक शेळी तेवढी उतरली.
कुणाची तक्रार नव्हती, डबे चांगले होते.
निघायला उशीर झाला, ती चूक माझी.

परतताना अंधारात
ट्रॉली दिसण्याच्या खूप आधी
एक लाल फुली दिसली,
हवेत लटकल्यासारखी, आणि तिच्यावर एक ठिपका.
मी डावा हात खाली केला: हळू.
आरशात नऊ.

गूळ मार्केटला महालिंग उभा,
अंघोळ करून, भांग पाडून, चावीसाठी हात पुढं.
"झोपलो, सर," म्हणाला.
"आणि गाडी ढकलत नेऊन
हवा पण भरून आणली."